हीट प्रेसचा गाडा : कामाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

दादाची पुण्याची नोकरी पक्की झाली. १ जुलैला हजर व्हायचंय. घरात सगळे खूश, मीही खूश. पण माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो हा, की रात्री मशीन उचलताना दुसरी बाजू आता कोण धरणार?

आमचा सोपा, म्हणजे घराची पुढची खोली, दहा बाय बारा फुटांचा. दिवसा त्यात माझं टी-शर्ट छपाईचं काम चालतं, खिडकीपाशी आईचं पिको-फॉल, आणि रात्री नऊनंतर स्कूटी आत येते, कारण गल्लीत ठेवली तर सकाळी टाकीत पेट्रोल असेलच असं नाही. म्हणून रोज रात्री हीट प्रेस टेबलावरून उचलून आत जिन्याखाली न्यायची आणि सकाळी परत बाहेर आणायची. मशीन १६ बाय २० इंची, क्लॅमशेल, म्हणजे मगरीच्या जबड्यासारखं मागच्या बिजागरीवर उघडणारं. रद्दीवाल्याच्या काट्यावर ३४ किलो भरलं. वजनाचं एवढं काही नाही, वरचा तवा गरम असतो हा खरा ताप. काम संपल्यावर तासभर बसून राहायचं, नाहीतर उचलताना कोणाचा तरी हात लागतो. दादाच्या मनगटावर दोन डाग आहेत, माझ्या एक.

मशीनला चाकं लागणार. २७ ऑगस्टला गणपती. मंडळांच्या ऑर्डरी जुलैअखेरीस सुरू होतात, त्याच्या आत.

१० जून, मंगळवार

महाद्वार रोडच्या एका दुकानात विचारलं, "मोबाईल स्टँड आहे का, मशीनसाठी?" त्याने काउंटरवर फोन ठेवायचे तीन स्टँड मांडले. एक गायीच्या आकाराचा. चूक माझीच. आता सगळीकडे "चाकांचा स्टँड" म्हणते आहे.

बाहेरच्या देशांत या कामासाठी तयार वस्तू मिळते. अमेरिकेच्या हॉट्रॉनिक्सचा कॅडी नावाचा स्टँड आहे, मधे एकच खांब आणि खाली चाकं, म्हणजे शर्ट खालच्या तव्यावर चारी बाजूंनी चढवता येतो. फोटो बघून समाधान मानलं.

घरातले पर्याय तपासले:

फ्रीजखालचा प्लॅस्टिकचा स्टँड. शेजारच्या काकूंकडून मागून आणला. मशीन ठेवल्यावर मधे वाकला आणि हँडल ओढल्यावर पूर्ण मशीन "हो हो" म्हणत मान डोलवायला लागलं. लगेच परत दिला.

आजीच्या शिलाई मशीनचा बिडाचा पायटा. दिसायला राजेशाही. पण बीड भारी असलं तरी पाय अरुंद, आणि त्याला भोकं पाडायची म्हटल्यावर आईने नुसतं बघितलं.

गॅस सिलिंडरची चाकांची रिंग. याबद्दल काही लिहीत नाही.

बनवूनच घ्यायला लागणार.

१४ जून, शनिवार

पाऊस. काम कमी. मापं काढली.

ज्याला सांगेन तो पहिल्यांदा हेच म्हणतो : "प्रेसचा दाब किती असतो! स्टँड दणकट पाहिजे." दादाही तेच म्हणाला. यात गफलत आहे. मशीन दाबलं की वरचा तवा खालच्या तव्याला ढकलतो आणि मशीनची मागची बिजागरी दोघांना धरून ठेवते. म्हणजे हा दाब मशीनच्या पोटातल्या पोटात राहतो, खाली स्टँडपर्यंत येत नाही. अडकित्त्यात सुपारी फुटते तेव्हा मांडीवर काय भार येतो? काहीच नाही. तसंच हे. स्टँडवर येतं ते मशीनचं वजन, आणि हँडल ओढताना माझ्या हाताचा जोर.

तो जोर किती, हे बघायला बॅगा तोलायचा टांगता काटा हँडलला अडकवला आणि डीटीएफला (फिल्मवर छापलेलं चित्र गरम दाबून कापडावर उतरवायचं काम) नेहमी ठेवते त्या दाबावर ओढलं. शेवटच्या टप्प्यात, हँडल खाली येतं तेव्हा, २४ किलो. हा जोर जवळजवळ सरळ खाली लागतो, म्हणजे स्टँडला फक्त थोडं जास्त वजन. पण सुरुवातीला, हँडल उभं असतं तेव्हा, मी खाली नाही तर स्वतःकडे ओढते. तिथे ९ किलो. आकडा छोटा आहे, पण तो लागतो मशीनच्या डोक्यावर. हे तेव्हा वहीत लिहिलं आणि पान उलटलं. पान उलटायला नको होतं.

बाकी मापं : मशीनच्या चार रबरी बुटांमधलं अंतर ३२ बाय ४८ सेंमी. खालचा तवा मशीनच्या पायापासून २२ सेंमी वर. सोपा आणि आतली खोली यांच्यामध्ये फरशीची २ सेंमीची कड. बाहेर शहाबादी, आत टाइल. छोट्या चाकांची गोष्ट तिथेच संपली, चार इंचीच पाहिजेत.

चाकांचं वजनाचं गणित चाराने नाही, तीनाने भागून करायचं असतं. खडबडीत फरशीवर कोणतं तरी एक चाक नेहमी अधांतरी असतं, आणि भार बाकीचे तिघं उचलतात.

१८ जून, बुधवार

शिवाजी उद्यमनगर. कोल्हापुरात लोखंडाचं काही करायचं असलं की पाय आपोआप तिकडेच वळतात. एका शेडमध्ये ओतकाम, शेजारी लेथ, पलीकडे पावडर कोटिंग. चहावाला सगळीकडे तोच. वडिलांच्या ओळखीचे एक वेल्डर आहेत, लहानपणापासून त्यांना मामा म्हणते.

कागद दाखवला. चाळीस बाय चाळीस चौकोनी पाईप, २ मिमी जाडीचा. मामांनी कागद उलटा धरला, मग सरळ धरला.

"दोन एमेम? उद्या मोडलं तर लोकं माझं नाव घेत्यात. पन्नासचा लावू, तीन एमेम."

"मामा, मशीन चौतीस किलोचं आहे. चाळीसच्या पाईपवर तुम्ही उभे राहिलात तरी काही होत नाही."

"मी उभा ऱ्हायलो तर काय हुतंय ते सांगू नगंस." पोरं हसली.

अडकित्त्याचं उदाहरण दिलं. मामांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि म्हणाले, "सुपारी मला कळती. पर गिऱ्हाईक हलवून बघतंय." हे मात्र मला नंतर पटलं. पाईप न मोडणं वेगळं आणि स्टँड न हलणं वेगळं. मी फक्त न मोडण्याचा हिशोब केला होता.

शेवटी चाळीसवर ठरलं. या पाईपचं वजन मीटरला २.४ किलोच्या आसपास, म्हणजे वीस फुटी नग साधारण १४.३ किलो. एक नग नवा, बाकी त्यांच्याकडच्या तुकड्यांतून. चाकं मीच आणून द्यायची.

चाकं बाजारात तीन प्रकारची दिसली. नायलॉनची स्वस्त आणि टणक, पण शहाबादीवर खडखडतात. रबराची मऊ, पण एकाच जागी भार राहिला की चपटी होतात. मधली पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनची. ती घेतली, चार इंची, चारही फिरती, चारही ब्रेकवाली, २४० ला एक. दुकानदार म्हणाला, दोन फिक्स घ्या, गाडी सरळ चालते. सरळ जायला माझ्याकडे रस्ता कुठे आहे? स्कूटी, शिलाई मशीन आणि जिना यांमधून आडवं सरकवायचं आहे.

२३ जून, सोमवार

स्टँड आला. तीनचाकी टेंपोतून, दोन पोरं उतरवायला. रेड ऑक्साइड अजून ओला, माझ्या ओढणीला लागला.

मामांनी प्रेमाने एक गोष्ट वाढवून दिली होती : वर चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा, चारी बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर काढलेली. "शोभा येती." पैसे घेतले नाहीत.

मशीन ठेवलं. आई, दादा, मी, आणि दारात उभे राहिलेले पलीकडचे काका. हँडल नेहमीसारखं जोरात ओढलं आणि मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उठली.

पडलं नाही. दादाने मागून धरलं. पण चार बोटं तरी उठली. काका म्हणाले, "घोडा झाला की."

रात्री ते पान परत काढलं. डिप्लोमाला मेकॅनिक्सचा पेपर मी दोनदा दिलाय, त्यामुळे मोमेंट, म्हणजे जोर गुणिले अंतर, एवढं तरी पक्कं आहे. हँडलची मूठ जमिनीपासून १३२ सेंमीवर. ९ किलो गुणिले १३२, म्हणजे १,१८८. हे पुढे पाडायला बघतं. धरून ठेवणारं काय? मशीन ३४ आणि स्टँड २०, मिळून ५४ किलो, आणि ते पुढच्या चाकांच्या टेकायच्या जागेपासून किती मागे आहे ते अंतर. स्टँडची खोली ५२ सेंमी, म्हणजे निम्मी २६. पण फिरतं चाक आत वळलं की टेकायची जागा आत सरकते, मापून बघितलं तर सुमारे ४ सेंमी. राहिले २२. ५४ गुणिले २२, पुन्हा १,१८८.

दोन्ही आकडे सारखे आल्यावर आधी वाटलं मी कुठेतरी चुकले. चूक गणितात नव्हती, स्टँडमध्ये होती. बरोबर काठावर बनवला होता. हळू ओढलं तर उभा, झटका दिला तर घोडा.

बाकीच्या तक्रारी भराभर : एक चाक अधांतरी. बाजूने ढकललं की अख्खा सांगाडा पत्त्यांच्या बंगल्यासारखा तिरका होतो आणि परत येतो. आणि चेकर्ड प्लेट. टी-शर्ट खालच्या तव्यावर चढवायला गेले की त्याची मागची बाजू प्लेटच्या कडेवर गोळा होते. एका तालमीच्या पोरांच्या फुटबॉल जर्सीला कडेने धागा ओढला. जर्सी बदलून द्यावी लागली.

२४ जून, मंगळवार

दिवसभर कोणाशी नीट बोलले नाही.

२८ जून, शनिवार

परत उद्यमनगर. मामांनी चूक माझी का त्यांची असलं काही काढलं नाही, "आण इकडं" एवढंच.

यावेळी मी कागद दिला नाही, जमिनीवर खडूने काढलं. वरचा सांगाडा आहे तसाच अरुंद, ३६ सेंमी, म्हणजे ४० च्या तव्यापेक्षा आत. शर्टाला खाली लोंबायला जागा. पाय सरळच. पण खाली दोन लांब पाईप, ७० सेंमीचे, पुढून मागे, एकमेकांपासून ५० सेंमीवर, आणि ते आडव्या पाईपने पायांना जोडलेले. वरून बघितलं तर इंग्रजी एच. चाकं त्या लांब पाईपच्या टोकांना. नवीन हिशोब : स्टँड आता २२ किलो, एकूण ५६, अंतर ३१ सेंमी. १,७३६ विरुद्ध १,१८८. श्वास घेता येतो.

तिरक्या होण्यावर २५ बाय ५ ची पट्टी, तीन बाजूंना कर्णातून. समोरची बाजू मोकळी, तिथे माझे पाय जातात. चार पाय आणि चार आडवे पाईप कितीही जाड घेतले तरी चौकोन तो चौकोनच, त्याला लवायची खोड असते. एक तिरकी पट्टी मारली की त्रिकोण होतो आणि खोड जाते. मामा हे पुस्तकाशिवाय जाणतात. गेल्या वेळी मीच "पट्टी नको, शर्ट अडकेल" म्हणाले होते.

आज त्यांना काम करताना नीट बघितलं. खालचा सांगाडा आधी नुसत्या टाक्यांवर जोडला, चार कोपऱ्यांना चार ठिपके. मग टेपने दोन्ही कर्ण मोजले. एक तीन मिलीमीटर जास्त. लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचा एक ठोका, परत माप, अजून एक हलका ठोका. दोन्ही सारखे आल्यावरच पूर्ण वेल्डिंग, तेही एका कोपऱ्याचं झालं की समोरासमोरचा कोपरा, म्हणजे उष्णतेने सांगाडा एकीकडे ओढला जात नाही. मी विचारलं, "गेल्या वेळी असं केलं होतं?" मामा काचेच्या आडून म्हणाले, "गेल्या टायमाला पोरानं केलतं."

चेकर्ड प्लेट कापून टाकली. मामांना वाईट वाटलं. तिचा उरलेला तुकडा खालच्या कप्प्याला लावला, तेव्हा चेहरा जरा उजळला.

मशीनचे रबरी बूट काढून त्याच भोकांतून बोल्ट मारले, खाली स्प्रिंग वायसर. मशीन आणि स्टँड आता एक. पुन्हा वेगळं ठेवणार नाही. हँडल उघडताना वर ढकलायचा जोर लागतो, तेव्हा मशीन नुसतं ठेवलेलं असेल तर पुढून उचकतं. काढलेले बूट डब्यात टाकले. उपयोग होईल.

१ जुलै, मंगळवार

दादा पहाटेच्या गाडीने गेला. जाताना म्हणाला, "घोड्याला सांभाळ."

संध्याकाळी पहिल्यांदा एकटीने आत ढकललं. शहाबादीवरून मजेत. कडेपाशी पुढची चाकं थांबली, मी वरून ढकलत राहिले, आणि सगळं पुढे झुकायला लागलं. सोडून दिलं, परत बसलं. म्हणजे मशीन वापरताना पडत नाही, पण नेताना पडू शकतं. वजन सगळं वर आहे. खाली काहीतरी भारी पाहिजे.

जिन्याखाली पाटा-वरवंटा आहे. मिक्सर आल्यापासून भिंतीला टेकवून उभा. दोन्ही मिळून १९ किलो भरले.

आईला विचारायला अर्धा तास लागला. लहान बाळाची पाचवी पुजतात तो पाटा, त्याला गाड्याखाली कशी घालणार? आई चटणी परतत होती. म्हणाली, "ठेव. नुसता पडून तरी काय करतोय. पण पाय लावायचा नाही. आणि वरवंटा बरोबर ठेव, जोडी मोडू नकोस."

दोन्ही खालच्या कप्प्यात, खाली जुन्या पोत्याची घडी. गुरुत्वमध्य ६६ सेंमीवरून ५४ च्या आसपास आला. बाजूला कलून पडायला आधी १८ अंश पुरे होते, आता २१ च्या वर लागतील. हे वहीतलं. हाताला कळतं ते असं, की ढकलताना गाडा आता ऐकतो. कडेवरून नेताना पुढून ढकलायचं नाही, उलटं फिरून ओढायचं, हात वरच्या सांगाड्यावर नाही तर मधल्या पाईपवर. आईलाही तसंच शिकवलं.

६ जुलै, रविवार

आषाढी. आईचा उपवास, गल्लीत सकाळपासून अभंग. काम बंद ठेवायचं ठरवलं होतं, पण ब्रेकने चैन पडू दिली नाही.

चारही ब्रेक दाबले तरी हँडल ओढलं की मशीन दोन्ही बाजूंना एखादा सेंटिमीटर सरकतं. खाली बसून आईला ओढायला सांगितलं आणि चाकाकडे बघत राहिले. चाक फिरत नाही, ब्रेक त्याचं काम चोख करतो. पण चाकाचा काटा उभ्या खिळ्याभोवती फिरतो. म्हणजे चाक जाम आणि मान मोकळी. दोन्ही एकदम जाम करणारा ब्रेकही असतो, पण इथे दोन दुकानांत नाही म्हणाले आणि तिसऱ्याने सांगितलेल्या भावात माझी दोन दिवसांची कमाई गेली असती.

एक सेंटिमीटरने काय बिघडतं? डीटीएफला फार नाही. सब्लिमेशनला, म्हणजे कागदावरची शाई कपड्यात उतरवताना, बिघडतं. दोनशे अंशांच्या आसपास शाईचा वायू होऊन पॉलिस्टरमध्ये शिरत असतो. उघडताना मशीन हिसकलं आणि कागद कपड्यावर जरा सरकला, की अक्षराशेजारी त्याची फिकट सावली उमटते. जर्सीवरचा ७ नंबर दारू प्यायल्यासारखा दिसतो.

उपाय साधा निघाला. एम १२ चे चार इंची बोल्ट दोन. खालच्या लांब पाईपच्या पुढच्या टोकांना नट वेल्ड करायचा, त्यातून बोल्ट खाली, टोकाला मशीनचेच काढलेले रबरी बूट. काम सुरू करताना बोल्ट फिरवायचे, पुढची चाकं जमिनीवरून उचलली जातात, मागच्या दोघांना ब्रेक. दोन बोल्ट वेगवेगळे फिरतात म्हणून फरशीचा चढउतारही त्यातच मिटतो. या बोल्टची एक फेरी म्हणजे पावणेदोन मिलीमीटर, त्यामुळे सव्वादोन फेऱ्यांत चाकं चार मिलीमीटर वर.

११ तारखेला करून आणलं. ते लिहायला वेगळी नोंद नको. पाण्याने भरलेला पेला मशीनवर ठेवून हँडल ओढलं, पाणी हललं, सांडलं नाही.

म्हणजे चाकांच्या स्टँडवर माझा बहुतेक वेळ त्याला चालवण्यात नाही, उभं करण्यात गेला.

१३ जुलै, रविवार

ही नोंद महत्त्वाची आहे, म्हणून विजेचं सगळं इथे.

सकाळी ओल्या पायाने सोप्यात आले, स्टँडच्या पाईपला हात लावला, आणि बोटांना मुंग्या. आधी वाटलं हात अवघडला असेल. टेस्टर लावला तर दिवा लागला. टेबल लाकडाचं होतं तोवर हे कधी कळलंच नव्हतं. आता अख्खा लोखंडी सांगाडा मशीनला बोल्टने जोडलेला, म्हणजे मशीनच्या अंगात जे आहे ते पाईपच्याही अंगात.

वायरमनना बोलावलं. सॉकेट उघडलं तर अर्थिंगची वायर कापून आत खोचून ठेवलेली. तीन पिनचं सॉकेट, तिसरी पिन नुसती शोभेची. किती वर्षं असं आहे देव जाणे.

ते जोडलं. मशीनवर २,००० वॉट लिहिलंय, २३० ने भागलं तर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. हे घरगुती सहा अँपिअरच्या पिनेचं काम नाही. माझा जुना एक्स्टेंशन बोर्ड बघितला, एका भोकाभोवती प्लॅस्टिक तपकिरी पडलं होतं. फेकला. आता सोळा अँपिअरची पिन, अडीच चौरस मिमीची तीन तारांची केबल, मशीनपासून थेट सॉकेटला. स्टँडच्या मागे केबल गुंडाळायला एक हूक लावलाय, पण तो फक्त नेताना. काम चालू असताना केबल पूर्ण मोकळी सोडायची. गुंडाळी तशीच ठेवून तासभर चालवलं तर केबल आतल्या आत तापते.

वायरमन म्हणाले पावसाळ्यात गरम करायची कॉईल ओल धरते, गीझरसारखीच, म्हणून काम नसलं तरी मशीन रोज थोडा वेळ तापवत जा. तसं करते आहे. सध्या आईच्या साड्याही तिथेच जवळ वाळतात.

२० जुलै, रविवार

उंची. खालचा तवा ८८ सेंमीवर आहे. मला छान. आई पाच फुटांच्या आत, तिला हँडलच्या शेवटच्या टप्प्यात खांदा उचलायला लागतो. तिने एकदा तक्रार केली नाही, मी मागून बघितलं तेव्हा दिसलं. पाय कापून ६ सेंमी कमी करावेत का? मग मला वाकायला लागेल आणि शर्ट चढवायचं काम माझं.

आईसाठी लाकडी पाट ठेवला, जेवायला बसायचा. चार बोटं उंची वाढली. तिने पहिल्या दिवशी त्यावर उभं राहायला नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाटावर पोतं टाकलं आणि उभी राहिली. उभं राहायचा पाट असा आता वेगळा काढून ठेवलाय.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. केबलच्या क्लिपसाठी दोन भोकं पाडायची होती. आज चिरायचं नाही, खणायचं नाही, भोक पाडायचं नाही. बरं म्हटलं. मग निदान वीस शर्ट तरी काढते.

आई म्हणाली, आज तवा पण ठेवत नाहीत चुलीवर.

"हा कुठं तवा आहे?"

"तूच तर रोज तवा तवा म्हणतीस."

मशीन बंद. उकडीची दिंडं खाल्ली.

१० ऑगस्ट, रविवार

पहिली मोठी ऑर्डर, एका मंडळाचे १२० टी-शर्ट. काळा सुती, छातीवर लहान आणि पाठीवर मोठं चित्र, डीटीएफ. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ, जेवायला तासभर. आई शर्ट सरळ करून देणार आणि फिल्म सोलणार, मी दाबणार.

हवेत इतका दमटपणा की शर्ट हाताला गार लागतात. आधी पाच सेकंद रिकामा शर्ट दाबायचा. उघडला की कापडातून वाफ निघते, पहिल्या पावसाच्या मातीसारखा नाही, ओल्या शाळेच्या गणवेशासारखा वास. ही वाफ आधी काढली नाही तर ती फिल्मच्या खाली अडकते आणि चित्राला फोड येतात. मग फिल्म ठेवायची, १५५ अंश, १५ सेकंद. गार झाल्यावर सोलायची, वर कागद ठेवून परत एकदा दाब. एका शर्टाला दोन्ही बाजू मिळून पाच वेळा तरी हँडल. ऐंशीव्या शर्टाला कुणाला मोजायचा उत्साह राहत नाही.

स्टँडबद्दल लिहायचं ते हे : काही लिहिण्यासारखं झालं नाही. दुपारी एकदा उजवा बोल्ट सैल पडून बूट फरशीवरून उचलला गेला होता, मशीनने हलकी टकटक करून सांगितलं. त्यावर दुसरा नट चढवून घट्ट केला. शर्ट खाली मोकळे लोंबतात, पाठ आणि पोट एकमेकांत अडकत नाही. चार शर्ट बाद झाले, चारही माझ्या घाईने.

रात्री नऊला मशीन गरम होतं तसंच आत ढकललं. थांबायला लागलं नाही. कोणालाही भाजलं नाही.

हिशोब : नवा पाईप १,०००, तुकडे २००, पट्टी २१०, चाकं ९६०, नट-बोल्ट १४०, रंग १८०, पहिली मजुरी ९००, दुरुस्तीची मजुरी ३००, पुढचे बोल्ट आणि त्यांचं वेल्डिंग १६०. एकूण ४,०५०. टेंपोभाडं धरलं नाही, पहिल्या वेळचं मामांनी दिलं आणि नंतरचं सांगत नाहीत. एक जर्सी आणि एक ओढणी वेगळी.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपतीला तीन दिवस. सलग पाऊस, जो येतो तो शर्टाआधी पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आलं ते विचारतो. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे इथल्या पोरासोरांना पाढ्यासारखे पाठ. आमच्या गल्लीत पाणी येत नाही, पण ज्यांच्याकडे येतं त्यातल्या एका छपाईवाल्याचा फोन आला होता, गाड्याची मापं पाहिजेत म्हणून. खडूचं चित्र पुन्हा काढून फोटो पाठवला. खाली लिहिलं : वरची प्लेट लावू नको, मामा लावायला बघतील.

दादा काल आला. येताना सोप्यात स्कूटी बघून मशीन शोधायला लागला. जिन्याखालून मी एका हाताने बाहेर काढून दाखवलं. त्याने हँडल धरून दोनदा जोरात हिसका दिला, मग खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "पाटा?" आईने आतून आवाज दिला, पाय लावू नकोस त्याला.

अजून बाकी : मागच्या डाव्या चाकात आईच्या पिकोचे धागे गुंडाळलेत, वळताना चुरचुरतं. ब्लेडने कापले, आत अजून आहेत. चाक उघडायला लागेल. विसर्जनानंतर.